रेस दिली की जागा होतो: जीपच्या चार्जिंगच्या नोंदी

गाडी: १९९७ ची डिझेल जीप, कापडी हूड, १२ व्होल्ट. डिझेलचा पंप मेकॅनिकल, इंजिन बंद करायला डॅशवरची नॉब खेचावी लागते. डायनामोच्या पट्टीवर १२ व्होल्ट, ४५ अँपिअर. त्याच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्युम पंप. बॅटरी ६० अँपिअर-तास, चौदा महिन्यांची. गाडी साखरप्याजवळ घरी असते आणि अण्णा चालवतात. मी रत्नागिरीहून शनिवार-रविवारी येतो. पुस्तकात ह्या वस्तूला अल्टरनेटर म्हणतात, गावात डायनामो. मी डायनामोच लिहिणार.

१४ जून २०२५, शनिवार

पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा बॅटरी उतरली. काल रात्री अण्णांचा फोन, "सेल्फ नुसता टक् करतोय रे." यंदा पाऊस मेमध्येच आला, त्यामुळे जूनच्या मध्यालाच गाडी आतून-बाहेरून ओली. माझा पहिला संशय पाण्यावर.

सकाळी बॅटरीवर ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी काही न चालू ठेवता १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.४ म्हणजे तळ गाठला. शेजारच्या पिकअपवरून केबल टाकून सुरू केली आणि बाजारातल्या एका दुकानात नेली. त्याने रेस दिली, मीटर लावला, १३.६. मग इंजिन चालू असतानाच बॅटरीचं टर्मिनल उचकटून काढलं. गाडी बंद पडली नाही. "बघा, डायनामो ओके. बॅटरी गेली तुमची."

ह्या टर्मिनल काढण्यावर दोन शब्द लिहायलाच हवेत. एक म्हणजे, चालत्या डायनामोपुढून बॅटरी अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) किंवा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) जाऊ शकतात. दुसरं, ही डिझेल आहे. पंप मेकॅनिकल, प्लगला ठिणगी लागत नाही. डायनामोने वीज देणं सोडलं तरी ही गाडी डिझेल संपेपर्यंत चालेल. तेव्हा ती बंद पडली नाही ह्यावरून डायनामोबद्दल काहीच कळत नाही. मी तिथे काही बोललो नाही. नवी बॅटरी मात्र घेतली नाही.

घरी आणून चार्जरवर ४ अँपिअरने लावली.

१५ जून, रविवार

चार्जर काढून दोन तास ठेवली: १२.७. हेडलाइट दहा मिनिटं चालू ठेवून नुसत्या बॅटरीवर १२.३. सेल्फ मारताना सर्वांत खाली १०.४. सेल्फ मारताना साडेनऊच्या आसपास घसरली असती तर बॅटरीवर बोट ठेवलं असतं. बॅटरी धडधाकट आहे.

मग रात्रीत कुणी वीज पितं का ते पाहिलं. निगेटिव्ह टर्मिनल सोडून मध्ये मीटर अँपिअरवर लावला. १८ मिलिअँपिअर. टेपचा फ्यूज काढला तर २. म्हणजे टेपची मेमरी सोडली तर काही नाही. १८ मिलिअँपिअरने दिवसाला अर्धा अँपिअर-तासही जात नाही; त्या हिशोबाने बॅटरी उतरायला महिने लागतील. डायनामोचा एखादा डायोड गळका असता तर इंजिन बंद असताना त्याच्यातूनच बॅटरी रिकामी झाली असती, पण तेही नाही.

(मीटर असा मध्ये असताना किल्ली फिरवायची नाही. मी एकदा फिरवली होती. मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज साखरप्यात मिळत नाही.)

तर बॅटरी चांगली आणि गळती नाही. उरतं एवढंच की चालताना पुरेसं भरत नाही. पण मीटर तर १३.६ म्हणतो.

२१ जून, शनिवार

१३.६ हा आकडा आठवडाभर डोक्यात होता. तळ गाठलेल्या बॅटरीला नुकतंच जोडल्यावर तो चालून जातो, तरी ह्या जातीच्या डायनामोने १४ च्या पुढे यायला हवं. मधे काहीतरी हरवतंय असं धरून व्होल्टेज-ड्रॉप मोजायला बसलो.

पद्धत सोपी आहे, पण लोक करत नाहीत. मीटर व्होल्टवर ठेवायचा आणि त्याची दोन टोकं एकाच वायरच्या दोन टोकांना लावायची. वायरमधून भरपूर करंट वाहत असला पाहिजे. वायर चांगली असेल तर जवळजवळ शून्य येतं. जेवढं येईल तेवढं त्या वायरने खाल्लं. ओहमवर मोजून इथे काही उपयोग नाही: आतल्या तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर "सलग आहे" म्हणून पी पी करतो.

हेडलाइट, दोन फॉगलॅम्प आणि वायपर चालू. साधारण २० अँपिअरचा भार. मुलीला रेस धरायला बसवलं. तिने ती इतकी धरली की अण्णा पडवीतून ओरडले.

डायनामोच्या बी प्लसपासून (वीज बाहेर पडायचं टोक) बॅटरीच्या प्लसपर्यंत: ०.१८ व्होल्ट. चालेल.
डायनामोच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत: ०.६२. हे चालणार नाही.

इथे जरा थांबून विचार केला. सेल्फ झकास फिरतो. सेल्फ फिरताना दोनशे अँपिअरच्या आसपास करंट इंजिनच्या अंगातून बॅटरीकडे परत जातो. ती अर्थ, म्हणजे परतीची वाट, खराब असती तर सेल्फ कण्हला असता. म्हणजे इंजिन ते बॅटरी ठीक असणार. मोजलं तर ०.०४. मग उरलेले ०.५८ डायनामो आणि इंजिन ह्यांच्या मधे. डायनामोचा ब्रॅकेट रंगवलेला, वर गंज. त्याला अर्थ मिळावी म्हणून मागच्या बोल्टवरून इंजिनला एक वेगळी तार आहे. ती वरून ठणठणीत दिसत होती. थिंबलपाशी (तारेच्या टोकाची धातूची कडी) दोन बोटांनी वाकवली तर प्लास्टिकच्या आत नुसती हिरवी पूड.

०.५८ भागिले २० म्हणजे ०.०२९ ओहम. माझ्या मीटरच्या दोन प्रोब नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ दाखवतो. तो हे कधीच पकडू शकला नसता.

नवी सहा स्क्वेअर एमएमची तार आणि थिंबल लावलं, बोल्टखालचा रंग खरवडला, वर ग्रीस. आता ०.०५. बॅटरीवर १४.१, सगळा भार चालू असताना. वहीत "सापडलं" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा अजून आहेत.

२७ जून, शुक्रवार

अण्णांचा फोन. टक्.

२८ जून, शनिवार

काल संध्याकाळी रत्नागिरीतून रेग्युलेटर घेऊनच आलो, साडेसहाशे रुपये. का घेतला? राग आला म्हणून. दुसरं कारण मला आज तरी सांगता येत नाही.

डायनामो उतरवणं ह्या गाडीत वैतागाचं काम आहे. आधी बॅटरीचं मायनस सोडायचं, कारण बी प्लसची तार किल्ली बंद असली तरी जिवंत असते. पाना अंगाला टेकला की वेल्डिंग सुरू. मग फॅनबेल्ट, मग व्हॅक्युम पंपाचा होज आणि तेलाच्या दोन नळ्या. खाली पसरलेलं पोतं तेलाने भिजलं. पंपाचं सील गळून तेल आत गेलं असेल आणि कार्बन (आतल्या फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणारे तुकडे) चिकटत असतील अशी शंका होती, पण आतून कोरडा निघाला.

कार्बन ९ मिलीमीटर. ५ च्या खाली गेले की बदलायचे, तेव्हा अजून आयुष्य आहे. ज्या कड्यांवर कार्बन घासतात त्या काळ्या होत्या. बारीक पॉलिश पेपरने फिरवून तांब्याचा रंग आणला. रोटरचा, म्हणजे त्या फिरत्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स ३.४, त्यातले प्रोबचे ०.३ वजा करून ३.१ ओहम. रोटर ते अंग: अनंत. डायोड एकेक करून पाहिले. एका बाजूने ०.५, उलट बाजूने काही नाही, सगळे सारखे. सगळं ठीक होतं. इतकं ठीक की रेग्युलेटर न बदलताच परत बसवायला हवा होता. बदलला.

बसवून झाल्यावर आधी ब्रेक पॅडल पाहिलं. पंपाचा होज नीट बसला नसेल तर पॅडल दगड होतं, आणि आमच्या घरापुढचा उतार थेट वहाळात जातो. मग सुरू केली, रेस दिली: १४.२. अण्णा म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." ते म्हणाले, "मागल्या शनिवारी पण झालं होतं."

२९ जून, रविवार

आज मी काहीही खोललं नाही. बॅटरीवरून दोन तारा काढून केबिनमध्ये आणल्या, मीटर मांडीवर घेतला आणि अण्णांना म्हटलं, तुम्ही रोज जाता तसे बाजारात जा, मी नुसता बसतो.

अण्णा गाडी बैलगाडीसारखी चालवतात. सेल्फ मारला, इंजिन लागलं, ॲक्सिलरेटरला पाय नाही. डिझेलच्या खालच्या ताकदीवर पहिला गिअर, मग दुसरा. पाऊस होता म्हणून वायपर, धुकं म्हणून हेडलाइट. लाल चिखलात तिसरा पडतच नाही. मीटरवर १२.४. गेटपाशी १२.२. पुलावर १२.०. मी काही बोललो नाही. ११.९.

शाळेजवळचा चढ आला. अण्णांनी पहिला टाकला, पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि मीटर ११.९ वरून एकदम १३.९ वर गेला. हळूहळू चढला नाही, उडीच मारली. चढ संपला, पाय सुटला, तरी १३.८. बाजारात इंजिन नुसतं घुटमळत ठेवलं तरी १३.७, म्हणजे आयडलला हा डायनामो उत्तम भरतो.

नॉब खेचून बंद केली. परत सुरू केली, रेस न देता: १२.२. एकदा रेस: १४. बंद, चालू: १२.२. रेस: १४. चार वेळा हे केलं. भाजीवालीने विचारलं, "गाडी बिघडली काय?" मी म्हटलं, "नाही, सापडली."

म्हणजे डायनामो चालू होताना झोपलेला असतो. एकदा जोरात फिरवला की उठतो आणि मग इंजिन बंद होईपर्यंत जागा राहतो. आणि आम्ही सगळ्यांनी, बाजारातल्या दुकानदाराने, मी, माझ्या मुलीनेसुद्धा, मीटर लावण्याआधी पहिलं काम काय केलं? रेस दिली. सवयच तशी. तपासणीच त्याला उठवत होती, आणि मग आम्ही म्हणत होतो की हा तर जागाच आहे. परवापर्यंत अण्णांचा चिखलातला बाजार सोडला तर ह्या गाडीला रेस न देता कुणी चालवलेलंच नाही.

एक प्रश्न राहिला. डायनामो भरत नसेल तर डॅशवरचा लाल दिवा लागलेला दिसायला हवा. अण्णांना विचारलं. "दिसला नाही बाबा." त्या दिव्याच्या वर, इंजिन बंद करायच्या नॉबला, काच पुसायचं फडकं लटकत होतं. पावसाळ्यात ते तिथेच असतं. उचललं. खाली दिवा ढणढणीत.

५ जुलै, शनिवार

आठवडाभर सर्किट कागदावर काढत होतो. इथे लिहून ठेवतो, पुढच्या वेळी विसरू नये म्हणून.

डायनामोत लोहचुंबक कायमचा नसतो. फिरणाऱ्या रोटरच्या गुंडाळीत करंट सोडला तरच तो चुंबक होतो आणि बाहेरच्या गुंडाळ्यांत वीज येते. एकदा वीज यायला लागली की तिच्यातलाच थोडा भाग रोटरला जातो. त्यासाठी सहा मोठ्या डायोडांशिवाय तीन छोटे डायोड वेगळे असतात. पण सुरुवातीचा करंट कुठून येणार? बॅटरीतून, किल्लीतून, आणि डॅशवरच्या चार्जिंगच्या दिव्यातून. वायरिंगच्या जर्मन पद्धतीत, डिन ७२५५२ मध्ये, किल्लीचा पॉइंट १५, दिव्याची वायर ६१ आणि डायनामोचं टोक डी प्लस. रस्ता असा: १५, दिवा, ६१, डी प्लस, कार्बन, रोटर, रेग्युलेटर, अंग. किल्ली दिली की ह्याच रस्त्याने करंट जातो म्हणून दिवा लागतो. डायनामो उठला की डी प्लसवर स्वतःचे १४ व्होल्ट येतात, दिव्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात, दिवा विझतो. तो कुणी विझवत नाही.

रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मागे उरतं. जोरात फिरवलं तर तेवढ्यावरही डायनामो उठतो. आयडलला नाही, कारण तेव्हा येणारे व्होल्ट डायोड ओलांडायलाच पुरत नाहीत. आमचं दुखणं हुबेहूब असंच आहे. तेव्हा दोष डी प्लसच्या रस्त्यात, डायनामोच्या बाहेर.

सकाळी ती वायर शोधली. इंजिनच्या भिंतीतून आत येते तिथे बुलेट कनेक्टर, हिरवट. मला वाटलं हाच. साफ केला, काही फरक नाही. मग डी प्लसची वायर डायनामोवरून काढून तिचं टोक इंजिनला टेकवलं, किल्ली दिली: दिवा लख्ख. माझ्या पुस्तकाप्रमाणे दिवा लख्ख म्हणजे किल्लीपासून इथपर्यंत सगळं ठीक. दोन तास इथेच अडकलो.

दुपारी खालच्या वाडीतले काका आले. आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेले, आता निवृत्त. खिशात त्यांचा टेस्ट लॅम्प, म्हणजे एक होल्डर, ५ वॅटचा बल्ब आणि दोन वायरी. म्हणाले, "आयडलला ठेव. रेस देऊ नको." एक टोक बी प्लसला, एक डी प्लसला. लॅम्प क्षणभर लागला आणि विझला. इंजिनचा आवाज किंचित जड झाला. मीटर: १४.१.

"डायनामो शहाणा आहे," काका म्हणाले. "त्याला हाक मारणारा मुका आहे. डी प्लसला करंट किती जातोय?"

मीटर मध्ये घालून मोजला. १४ मिलिअँपिअर.

"३ वॅटचा बल्ब असेल तर पाव अँपिअरच्या आसपास जायला पाहिजे. चार्जिंगला बल्ब कुठला घातलायस?"

आणि मग मला आठवलं. गेल्या दिवाळीत मी डॅशमधले सगळे बल्ब काढून एलईडी घातले होते. रात्री डिझेलचा काटा दिसत नाही अशी अण्णांची तक्रार होती. सातही बदलले, कारण पाकीट दहाचं होतं.

एलईडीला लख्ख दिसायला दहा-पंधरा मिलिअँपिअर पुरतात. तो उलट बसवला असता तर लागलाच नसता आणि मी तेव्हाच काढून फेकला असता. सुलट बसला, लागला, म्हणून आठ महिने मी त्याला बल्ब समजत होतो. रोटरच्या पूर्ण ताकदीला चार अँपिअर लागतात. पाव अँपिअर म्हणजे त्यातले सहा टक्के, आणि तेवढे उठवायला पुरतात. १४ मिलिअँपिअर म्हणजे अर्धा टक्काही नाही.

आठ महिने कळलं कसं नाही? मार्चपर्यंत गाडी मी चालवत होतो, आंबा घाट चढून कोल्हापूर, शनिवारआड. घाटात डायनामो झोपणार कसा. मग गाडी फक्त अण्णांकडे राहिली, मे महिन्यापर्यंत कोरड्या रस्त्यावर, तिसऱ्या-चौथ्यावर. पाऊस आला आणि तिसरा पडेनासा झाला. भिजलेली वायर हा माझा पहिला संशय होता. पावसाचा हात आहे, पण पाण्यातून नाही, गिअरमधून आहे.

काकांना हे सांगितल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, "बाकीचे राहू दे एलईडी. हा एक परत घाल." जुने बल्ब पेढ्यांच्या डब्यात ठेवले होते. १२ व्होल्ट ३ वॅटचा बल्ब बसवला. होल्डरच्या पत्र्या काळ्या होत्या, घासल्या. करंट: २१० मिलिअँपिअर. काकांच्या सांगण्यावरून बल्बला समांतर १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टरही जोडला. किल्ली दिलेली आणि इंजिन बंद असेल तेव्हा त्याच्यातून ०.१२ अँपिअर जातो, दीड वॅटच्या आत, तरी हात लावून बघितला तर चांगला तापतो, म्हणून प्लास्टिकपासून दूर पत्र्याला बांधला. डायनामो चालू असताना दोन्हीकडे सारखे व्होल्ट, तेव्हा तो गार. उद्या बल्ब उडाला तरी डायनामो उठेल. मात्र किल्ली दिल्यावर दिवा लागला नाही तर बल्ब उडालाय हे कुणीतरी बघितलं पाहिजे.

काकांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. जाताना जुना रेग्युलेटर हातात घेऊन विचारलं, "हा का काढलास?"

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी साडेसहा. गाडी रात्रभर पावसात. बॅटरी १२.५. अण्णांना म्हटलं, तुमच्या पद्धतीने सुरू करा. सेल्फ, इंजिन लागलं, पाय नाही. दिवा एका सेकंदात विझला. मीटर १४.१. हेडलाइट आणि वायपर चालू केल्यावर आयडलला १३.५.

अण्णा विठ्ठलाच्या देवळात जाऊन आले. जाता-येता चारदा थांबले, चारदा बंद करून सुरू केली. बॅटरीवर परत आल्यावर १२.७. फडकं आता बाजूच्या सीटच्या दांडीला बांधलंय. अण्णांना ते तिथे पटलेलं नाही.

दुपारी मेव्हणा आला. त्याच्या नव्या गाडीत हे सगळं प्रकरणच वेगळं. तिथे इंजिनचा कॉम्प्युटर डायनामोला किती व्होल्ट काढायचे ते सांगतो आणि गडबड झाली की पी ०६२० सारखा कोड टाकतो. पेट्रोल वाचवायला तो चालत्या गाडीत मुद्दाम साडेबारापर्यंत खाली आणतो आणि ब्रेक मारताना वर नेतो. तिथे मीटर लावून "१४ नाही, डायनामो गेला" म्हणायची सोय नाही. मेव्हण्याने माझ्या वहीकडे बघून विचारलं, एवढं सगळं एका बल्बसाठी? मी त्याला पुरणाच्या पोळ्या नाहीत, आज उपास आहे, एवढंच सांगितलं.

१९ जुलै, शनिवार

दोन आठवडे. सकाळच्या व्होल्टची नोंद अण्णा स्वतः कॅलेंडरवर करतात: १२.६, १२.६, १२.५, १२.६. एकदाच १२.४, त्या दिवशी टेप चालू राहिला होता.

नवीन एक गोष्ट. काल रात्री सगळे दिवे आणि वायपर चालू असताना, आयडलला, चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद लागलेला दिसला. अंधारात, नीट पाहिलं तरच. बॅटरीवर १३.४, म्हणजे भरतंय. एलईडी असता तर हे दिसलंच नसतं.

दिवा दोन टोकांच्या मधला फरक दाखवतो. डी प्लसवर १३.९ मोजले. दिव्याच्या दुसऱ्या बाजूला, किल्लीकडून येणाऱ्या वायरवर १२.०. फरक १.९ व्होल्ट, तेवढ्यावर फिलामेंट लाल होतं. तर बॅटरीवरच्या १३.४ मधले जवळजवळ दीड व्होल्ट किल्लीतून इथवर येताना कुठेतरी जातायत. फॉगलॅम्प बंद केले: दिवा विझला, वायपर जोरात फिरायला लागले.

फॉगलॅम्प दोन वर्षांपूर्वी मीच बसवले होते. रिले (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट स्वतःतून नेणारा) लावला नव्हता, वायर सरळ किल्लीच्या स्विचवरून घेतली होती. नऊ अँपिअर त्या बिचाऱ्या स्विचमधून. आतले पॉइंट जळले असणार.

पुढच्या शनिवारी: ४ पिनचा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा रिले, बॅटरीवरून वेगळी फ्यूजसकट वायर, आणि किल्लीचा स्विच खोलून बघायचा. स्विच आधी विकत आणायचा नाही.